गॅलापागोसचे पक्षी उडून का जात नाहीत?

खंड्या तारेवर निवांत बसलेला असतो. आपण हळूच कॅमेरा उचलतो आणि नेमका तेव्हाच तो उडतो. भिगवणला होडीवाला इंजिन बंद करून बांबूने नाव पुढे रेटतो, तरी रोहित पक्ष्यांचा थवा आपल्याकडे पाठ करून चालू लागतो आणि आपण आणखी थोडे पुढे सरकलो की पाणी सोडून उठतो. पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाला हे अंतर ओळखीचे आहे. जवळ येणाऱ्याला पाहून प्राणी जितक्या अंतरावर पळ काढतो, त्याला जीवशास्त्रज्ञ पलायन-अंतर म्हणतात. भडक कपडे टाळणे, लपणात तासन्‌तास बसणे, मोठ्या लेन्ससाठी पैसे साठवणे ही आपली सगळी धडपड त्या अंतरावर मात करण्यासाठी असते.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात, विषुववृत्तावर गॅलापागोस नावाची ज्वालामुखी बेटे आहेत. तिथे निळ्या पायांचा बूबी हा समुद्रपक्षी पाऊलवाटेच्या मधोमध अंडी घालतो. माणसांची रांग समोरून आली तरी तो जागचा हलत नाही, वाटाड्याच सगळ्यांना वळसा घालून नेतो. मॉकिंगबर्ड नावाचा करडा पक्षी बुटाच्या नाडीला चोच मारून बघतो. पक्ष्यापासून किमान २ मीटर लांब राहण्याचा नियम तिथे माणसांसाठी आहे, आणि तो पाळताना मागे सरकावे लागते ते माणसालाच.

हे पक्षी माणसाळलेले नाहीत. त्यांना कोणी दाणे टाकत नाही, टाकायला परवानगीही नाही. मग ते उडून का जात नाहीत? याचे उत्तर समुद्राच्या तळापासून सुरू होते.

जागेवरचा निखारा

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अतिशय तप्त खडक खोलवरून सतत वर येत असतो. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. पृथ्वीचे कवच मात्र मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे आणि हे तुकडे, म्हणजे भूपट्ट, सावकाश सरकत असतात. गॅलापागोसच्या खालचा नाझ्का भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर पूर्वेकडे सरकतो. निखाऱ्यावर पापड भाजताना काय होते ते आठवा. निखारा जागेवर असतो, आपण पापड सरकवत नेतो. आच लागते तिथे फोड येतो, तो भाग बाजूला गेला की शेजारी नवा फोड उठतो. ही बेटे अशीच एकामागून एक वर आली.

म्हणूनच पश्चिमेची बेटे कोवळी आहेत. फर्नांडिना आणि इसाबेला यांचे वय दहा लाख वर्षांहूनही कमी आहे आणि ती अजून धगधगत आहेत. फर्नांडिनाचा ज्वालामुखी मार्च २०२४मध्ये पुन्हा जागा झाला, तेव्हा लाव्हा उतारावरून समुद्राकडे वाहत गेला. पूर्वेची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल ही बेटे तीस लाख वर्षांहून जुनी, थंड झालेली, झिजलेली आहेत. त्यांच्याही पूर्वेला समुद्राखाली बुडालेले डोंगर आहेत. त्यांच्या माथ्यावरून लाटांनी घासून गोल झालेले गोटे मिळाले आहेत. म्हणजे एकेकाळी तिथेही किनारा होता. आजच्या कोणत्याही बेटाहून जुनी बेटे तिथे होऊन गेली आणि बुडाली. बुडण्याआधी त्यांच्यावरचे जीव शेजारच्या नव्या बेटांवर सरकले असणार.

हा खडक महाराष्ट्राला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट अशाच एका हॉटस्पॉटवरून जात होता आणि तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. रायगड-राजगडाचा काळा कातळ त्याच लाव्ह्याचा. भारत उत्तरेकडे निघून गेला. तो हॉटस्पॉट आज मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. फरक एवढाच की दख्खनचा लाव्हा जमिनीवर पसरला, त्यामुळे तो थंड झाल्यावर आजूबाजूचे प्राणी चालत तिथे आले. गॅलापागोसचा लाव्हा भर समुद्रात उसळला. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पाणी ओलांडावे लागले, आणि आपल्या कोड्याची पहिली गाठ इथेच सुटते.

कोण पोहोचले, कोण राहिले

हजार किलोमीटर खारे पाणी ही फार कडक चाळणी आहे. पक्षी उडत आले किंवा वाऱ्याने आणले. कासवे तरंगत आली. सरडे आणि इग्वाना पुरात वाहून आलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर बसून आले असावेत. त्यांची खवलेदार कातडी ऊन आणि तहान सोसते. बेडकाची ओली कातडी हे सोसू शकत नाही, म्हणून इथला मूळचा बेडूक एकही नाही. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांपैकी वटवाघळे आणि काही जातींचे उंदीर तेवढे स्वतःहून पोहोचले. कोल्हा, मांजर, मुंगूस, कुत्रा यांच्यापैकी कोणीही आले नाही. दबा धरून, चार पायांवर सरपटत येणारा शिकारी या बेटांना लाखो वर्षे माहीतच नव्हता.

आलेल्या पक्ष्यांचे पूर्वज भित्रेच असणार, कारण ते मुख्य भूमीवरून आले होते. पण भीती फुकट नसते. दर वेळी उडायचे म्हणजे खाणे अर्धवट सोडायचे, अंगातली ताकद खर्च करायची आणि अंडी विषुववृत्ताच्या उन्हात उघडी टाकायची. जिथे धोका खरा आहे तिथे ही किंमत देणे परवडते. जिथे धोकाच नाही, तिथे उगाच उडणाऱ्याची पिल्ले कमी जगतात आणि बसून राहणाऱ्याची जास्त. हजारो पिढ्या असेच चालत राहिले की बसून राहण्याचा स्वभाव जातीतच उतरतो.

म्हणून भीती पुरती गेली असे मात्र समजू नये. या बेटांवर आकाशातून झेप घेणारा गॅलापागोसचा ससाणा आहे आणि त्याचे भय सगळ्यांना आहे. किनाऱ्यावरचे समुद्री इग्वाना स्वतः आवाज काढत नाहीत. तरीही ससाणा दिसल्यावर मॉकिंगबर्ड जी इशाऱ्याची हाक देतो ती ऐकून इग्वाना सावध होतात, काही पळतात. दुसऱ्या जातीची भाषा कान देऊन ऐकणारे हे प्राणी माणूस दोन पावलांवर आला तरी ढिम्म असतात. संशोधकांनी काही इग्वानांचा मुद्दाम पाठलाग केला. जे आधी कधी पकडले गेले नव्हते, त्यांच्या रक्तात ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक वाढलेच नाही. एकदा पकडून सोडल्यावर मात्र ते वाढू लागले आणि पलायन-अंतरही वाढले. पण हे अंतर कुत्र्यासारख्या वेगवान शिकाऱ्यापासून वाचायला पुरेसे नव्हते. इसाबेलावर मोकाट कुत्र्यांनी इग्वाना मारल्याचे यापूर्वी दिसलेलेच आहे.

चार्ल्स डार्विन १८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बीगल जहाजावरून इथे पाच आठवडे होता. बंदुकीच्या नळीने आपण एका ससाण्याला फांदीवरून ढकलले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याहून बोलके आहे ते फ्लोरेआना बेटावरचे दृश्य. विहिरीजवळ एक मुलगा हातात छडी घेऊन बसला होता आणि पाणी प्यायला आलेली कबुतरे आणि फिंच तो छडीनेच मारत होता. जेवणासाठी त्याने एक छोटा ढीग जमवला होता. या पक्ष्यांच्या निर्भयतेचे कौतुक करताना हा मुलगा आठवावा, असे मला वाटते. निर्भय असणे आणि असहाय असणे इथे एकच आहे.

डार्विनला विचारात पाडले ते आधी मॉकिंगबर्डनी, कारण वेगवेगळ्या बेटांवरचे मॉकिंगबर्ड त्याला वेगवेगळे दिसले. फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचे महत्त्व १८३७मध्ये लंडनमधल्या जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने नमुने तपासल्यावर लक्षात आले. पुढे पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंचच्या चोची पिढ्यान्‌पिढ्या मोजल्या. १९७७च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. कठीण, मोठ्या बिया फोडू शकणारे, जाड चोचीचे पक्षी जास्त तगले आणि त्यांच्या पिल्लांची चोच आधीच्या पिढीपेक्षा मोठी निघाली. उत्क्रांती माणसाच्या आयुष्यात, फूटपट्टीने मोजता येते हे त्यातून दिसले.

विषुववृत्तावरचा पेंग्विन

फर्नांडिनाच्या काळ्या लाव्ह्यावर पेंग्विन उभा असतो, जेमतेम अर्धा मीटर उंच. ऊन लागू नये म्हणून तो पंखांची सावली पायांवर धरतो आणि चोच उघडून धापा टाकतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला आढळणारी पेंग्विनची ही एकमेव जात आहे. तिला इथे जगवतो तो समुद्र.

प्रशांत महासागरात पृष्ठभागाखालून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक थंड प्रवाह वाहतो. त्याला क्रॉमवेल प्रवाह म्हणतात. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यातून आल्यावर त्याच्या वाटेत गॅलापागोसच्या ज्वालामुखींच्या भिंती येतात. पुढे जायला जागा नसल्याने ते पाणी वर चढते आणि खोल समुद्रात साचलेली खनिजे सोबत आणते. ती मिळाली की सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, त्यांच्यावर लहान मासे पोसतात आणि माशांवर पेंग्विन. म्हणून बेटांची पश्चिम बाजू सर्वांत थंड आणि सर्वांत समृद्ध आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाहही गारवा आणतो. पेंग्विनचे पूर्वज त्याच्याच सोबतीने इथे आले.

याच पट्ट्यात न उडणारा पाणकावळा राहतो, जगात फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर. अन्न दाराशी, शत्रू कोणी नाही, तेव्हा उडण्याचे काम उरले नाही आणि पंख आखडत गेले. पाण्यातून बाहेर आला की तो मात्र आपल्या तळ्यावरच्या पाणकावळ्यासारखाच, पंखांचे ते तोकडे अवशेष पसरून वाळवत उभा राहतो.

दर काही वर्षांनी एल निन्यो येतो, पृष्ठभागाचे पाणी तापते आणि थंड पाण्याचे वर येणे मंदावते. १९८२-८३च्या एल निन्योत पेंग्विनची संख्या तीन चतुर्थांशाहून अधिक घटली, पाणकावळे निम्म्यावर आले. समुद्री इग्वाना शेवाळ खातात, शेवाळ मरू लागले की इग्वाना उपाशी पडतात. अशा काळात त्यांची लांबी २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे मोजले गेले आहे. निव्वळ वजन उतरत नाही, हाडांसकट शरीर आखूड होते आणि अन्न परतले की पुन्हा वाढते.

जहाजावरचा दिवस

यातल्या बहुतेक बेटांवर राहायची सोय नाही आणि ती होऊही नये. बेटांच्या जमिनीचा सुमारे ९७ टक्के भाग १९५९पासून राष्ट्रीय उद्यान आहे. माणसांची वस्ती मोजक्या चार-पाच बेटांवर आहे. म्हणून लांबची बेटे पाहायची तर जहाजावर राहावे लागते. जहाज रात्री प्रवास करते आणि पहाटे नव्या बेटासमोर नांगर टाकते. सकाळी रबरी होडीतून किनाऱ्यावर जायचे, कधी थेट खडकावर उतरायचे, कधी गुडघाभर पाण्यात. दुपारी जहाजावर परत, मग दुसरी फेरी. संध्याकाळी सहानंतर किनाऱ्यावर कोणी थांबत नाही.

पक्षी पाहणाऱ्यांनी हेनोवेसा हे उत्तरेचे बेट चुकवू नये. बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडातच इथे जहाज शिरते, सभोवती कड्यांची कमान असते. लाल पायांचे बूबी झुडपांवर, नाझ्का बूबी जमिनीवर. फ्रिगेट पक्ष्यांचे नर गळ्याची लाल पिशवी फुगवून मादीला बोलावत असतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूची नोंद करणारे छोटे यंत्र बसवले होते. समुद्रावर सलग कित्येक दिवस उडताना ते दिवसाला सरासरी फक्त ४२ मिनिटे झोपतात, तीही तुकड्यातुकड्यांनी, कधी मेंदूचा एकच अर्धा भाग निजवून. इथला दुभंगल्या शेपटीचा कुरव रात्री समुद्रावर शिकार करतो. रात्री शिकारीला जाणारा कुरव जगात हा एकच. ससाणा या बेटावर नाही, म्हणून लहान कानांचे घुबड भर दिवसा लाव्ह्याच्या भेगांपाशी उभे राहून पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी पकडते. ते लाव्ह्याच्याच रंगाचे असते. वाटाड्या बोट दाखवतो तेव्हाही ते सापडायला वेळ लागतो.

निळ्या पायांच्या बूबीचा नाच दोन मीटरवरून पाहिला की लांबून कधी न कळणाऱ्या गोष्टी कळतात. नर एक पाय उचलतो, ठेवतो, मग दुसरा. नराच्या डोळ्यातली काळी बाहुली लहान दिसते आणि तो शीळ घालतो. मादीची बाहुली मोठी दिसते, तिचा आवाज घोगरा आणि अंगही मोठे. पायांचा निळा रंग ताज्या माशांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांवर टिकतो. उपाशी ठेवलेल्या नरांचे पाय दोनच दिवसांत फिके पडलेले आढळले आहेत. मादी पाय पाहते तेव्हा नराला परवा मासे मिळाले का, हेच ती तपासत असते.

नाझ्का बूबीच्या घरट्याशी मात्र थांबणे अवघड जाते. मादी बहुधा दोन अंडी घालते. पहिले उबलेच नाही तर दुसरे हाताशी असते. दोन्ही उबली तर मोठे पिल्लू धाकट्याला ढकलत घरट्याबाहेर काढते आणि आई-बाप शेजारी बसून ते होऊ देतात. घरट्यापासून वीतभर अंतरावर पडलेले पिल्लू उचलून आत ठेवावे, असे प्रत्येकाला वाटते. वाटाड्या हात आडवा धरतो. ठेवले तरी मोठे पिल्लू ते पुन्हा ढकलेल, आणि या जातीचे गणित माणसाने दुरुस्त करायचे नाही हा तिथला पाया आहे.

चौकट : केव्हा, कुठे, काय

जानेवारी ते मे : हवा उबदार, सरी पडतात, समुद्र शांत. फिंचची वीण, फ्रिगेट पक्ष्यांच्या लाल पिशव्या.
जून ते नोव्हेंबर : ढगाळ, भुरभुर पाऊस, पाणी थंड, लाटा मोठ्या. समुद्रपक्ष्यांना अन्न भरपूर.
एप्रिल ते डिसेंबर : एस्पान्योलावर अल्बाट्रॉस. त्यांची जवळपास सगळी वीण याच एका बेटावर होते.
पश्चिम (फर्नांडिना, इसाबेला) : पेंग्विन, न उडणारा पाणकावळा.
उत्तर (हेनोवेसा) : लाल पायांचा बूबी, फ्रिगेट, पेट्रेल, घुबड, रात्रीचा कुरव.

नियमांमागचे कारण

उद्यानाची परवानगी असलेला वाटाड्या सोबत असल्याशिवाय यातल्या बहुतेक ठिकाणी पाय ठेवता येत नाही आणि एका वाटाड्यामागे १६ माणसांहून जास्त असत नाहीत. कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कुठे जायचे हे उद्यान ठरवते, आणि एका जहाजाला त्याच ठिकाणी दोन आठवड्यांच्या आत परत जाता येत नाही. फ्लॅश बंद. विमानात औषध फवारतात, सामान तपासतात. एका बेटावरून निघताना पाय आणि बूट धुवायला लावतात, वाळूचा कणही पुढच्या बेटावर जाऊ नये म्हणून. जहाजाच्या बाहेरच्या दिव्यांवरही निर्बंध आहेत, कारण दिव्याला आलेले किडे जहाजासोबत पुढच्या बेटावर पोहोचतात.

हे सगळे जाचक वाटले तर समुद्राची चाळणी आठवावी. लाखो वर्षे जे समुद्राने अडवले ते आता आपल्या सामानातून, जहाजातून येते. खलाशांनी सोडलेल्या बकऱ्यांनी सांतियागो आणि उत्तर इसाबेला बोडके केले. १९९७ ते २००६ या काळात तिथून दीड लाखांहून अधिक बकऱ्या काढून टाकाव्या लागल्या. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या घरट्यातल्या पिल्लांचे रक्त शोषतात. खारफुटीतला फिंच आज शंभराच्या आसपास उरला आहे. ज्या मॉकिंगबर्डने डार्विनला विचार करायला लावले, त्यातला फ्लोरेआनाचा मॉकिंगबर्ड फ्लोरेआनावरून कधीच संपला. शेजारच्या दोन चिमुकल्या बेटांवर तो तेवढा वाचला आहे. सप्टेंबर २०२३मध्ये बर्ड फ्लू इथे पोहोचला आणि हेनोवेसा काही काळ बंद ठेवावे लागले.

पर्यटन हे या प्रश्नाचे उत्तर आहे आणि प्रश्नही. वाटाड्यांचा पगार, उद्यानाची गस्त, बकऱ्या आणि बाहेरून आलेल्या उंदरांविरुद्धची मोहीम यांना पर्यटकांच्या पैशाचा आधार आहे. पण जानेवारी २००१मध्ये सान क्रिस्तोबालजवळ खडकावर आपटलेल्या जेसिका या टँकरमध्ये पर्यटक जहाजासाठीचेही इंधन होते. तेलाचा पातळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारा तवंग सांता फे बेटापर्यंत गेला आणि वर्षभरात तिथले ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. ज्या किनाऱ्यांवर माणसांची वर्दळ जास्त, तिथल्या इग्वानांच्या रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम झालेलाही आढळला आहे. प्राणी स्थिर बसला आहे म्हणून त्याला काही होत नाही, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून क्वितो किंवा ग्वायाकिल गाठायचे आणि तिथून विमानाने बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबाल. परदेशी प्रौढांसाठी उद्यानाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४पासून २०० डॉलर आहे. खर्च मोठा आहे, तेव्हा जहाज ठरवताना त्याच्या सजावटीपेक्षा मार्ग पाहावा. एका आठवड्यात पश्चिम आणि हेनोवेसा दोन्ही मिळणे कठीण असते. पेंग्विन हवे की समुद्रपक्ष्यांची वसाहत, हे आधी ठरवा. १०० प्रवाशांपर्यंतची जहाजे तिथे चालतात, पण पक्ष्यांसाठी जायचे असेल तर १६ जणांचे छोटे जहाज घ्या, कारण सगळे एकाच वाटाड्यासोबत उतरतात आणि कोणाला किनाऱ्यावर जायला ताटकळावे लागत नाही. अल्बाट्रॉससाठी जायचे तर जानेवारी ते मार्च टाळा. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. लांब लेन्स बहुतेक वेळा पिशवीतच राहील.

निघण्याआधी बुटांचे तळवे घासून घ्या, बॅगेचे कप्पे उलटे करून झाडा. सह्याद्रीतल्या गवताचे कुसळही त्यात राहू देऊ नका. आणि नेमून दिलेल्या वाटेबाहेर नेण्याचे किंवा पक्ष्याच्या आणखी जवळ जाऊ देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्याच्या बोटीवर पाऊल ठेवू नका.